बालवाडीचा पट आणि उसाचा हंगाम : बारडोलीच्या निमित्ताने

पूर्वप्राथमिक शिक्षणावरील अहवालात पटसंख्येचा तक्ता असतोच : मुले किती, मुली किती, अनुसूचित जमातीची किती, अल्पसंख्याक किती. त्या तक्त्यावरून थेट निष्कर्ष काढण्याची आपल्या संशोधनातील रीत सदोष आहे. बारडोलीत हा दोष ठळकपणे दिसतो.

गुजरातने 2023 च्या शैक्षणिक वर्षापासून पहिलीसाठी सहा वर्षे पूर्ण असण्याची अट लागू केली आणि त्याआधीच्या एका वर्षासाठी सरकारी प्राथमिक शाळांत बालवाटिका आल्या. प्रवेश जूनमध्ये होतात. शालेय माहितीच्या डायस पद्धतीत कित्येक वर्षे गणनेची तारीख 30 सप्टेंबर होती. साखर कारखान्याचा हंगाम मात्र दिवाळीच्या सुमारास सुरू होतो तो उन्हाळ्यापर्यंत चालतो. डांग, नंदुरबार, धुळे येथून ऊसतोडणीची कोयते मुकादमामार्फत येतात. लहान पोरे आईबापांबरोबरच असतात. सप्टेंबरात यांतले एखादे मूल गावच्या पटावर असेलही, पण जानेवारीत ते बारडोलीच्या पडावावर असते. नाव एका राज्यात, मूल दुसऱ्या राज्यात, आणि दोन्हीकडचे तक्ते बेरजेला बरोबर! यान ब्रेमन यांनी बारडोलीच्या या मजुरांवर 1978 सालीच लिहिले आहे. शिक्षणशास्त्राच्या वाचनयादीत ते लेखन मला तरी आढळले नाही.

‘अल्पसंख्याक’ या रकान्याचेही तसेच. मुस्लिम मूल म्हणजे उर्दू घर, हा समज आम्ही उर्दूचे अध्यापकच पसरवतो. सुरत जिल्ह्यातील सुन्नी व्होरा घरांत गुजराती बोलली जाते. गुजराती बालवाटिकेत भाषेपाशी अडेल ते भिली किंवा अहिराणी बोलणारे पडावावरचे मूल. सच्चर समितीचा (2006) दाखला आपण वारंवार देतो. परंतु शाळेत कधीच न गेलेल्या वा शाळा सोडलेल्या 25 टक्के मुस्लिम मुलांचा तिचा आकडा 6 ते 14 वयोगटाचा आहे. 2009 चा शिक्षणहक्क कायदाही सक्ती सहाव्या वर्षापासूनच करतो.

ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये गुजरातच्या सीमेलगत बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. आपण निदान मोजणी तरी तेथे न्यावी. महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना प्रकल्प द्यायचाच असेल, तर जानेवारीत पडावावर जाऊन तीन ते सहा वयाची मुले मोजण्याचा द्यावा. घरची भाषाही विचारावी. दिवसा मोठी माणसे फडात असतात, म्हणून संध्याकाळी जावे.