कुळाची वही आणि पडद्यावरचे मौन

मी जपानी दूरदर्शन मालिका पाहतो असे सांगितले की आमचे कार्यकर्ते मित्र हसतात. एकाने तर सरळ विचारले, ‘गायरानाचे प्रश्न संपले काय, सर?’ ते संपलेले नाहीत. तरीही मी या मालिका पाहिल्या आणि त्यांच्यावर आपल्या अंकात लिहावे असे मला वाटले. मला जपानी येत नाही. पडद्याच्या तळाशी येणाऱ्या इंग्रजी ओळींवर माझी सगळी भिस्त. भाषेच्या बारकाव्यांवर मी बोलणार नाही. बोलणार आहे ते या मालिका कशावर बोलतात आणि कुठे गप्प बसतात, यावर.

या मालिकांची ख्याती अशी की त्या निषिद्ध विषयांना हात घालतात. ती ख्याती खोटी नाही. ‘तिसरी ब वर्गाचे किन्पाची गुरुजी’ या मालिकेने १९७९ साली पंधरा वर्षांची शाळकरी मुलगी आई होणार म्हणून वर्गासमोर उभी केली. १९९२ च्या एका गाजलेल्या मालिकेत आईच्या मुठीतून न सुटलेला उच्चशिक्षित नवरा होता. १९९३ च्या ‘कोको क्योशी’ने शिक्षक आणि विद्यार्थिनीचे प्रेम दाखवले आणि त्या मुलीच्या बापाचे पाप दाखवले. २०१० च्या ‘मदर’मध्ये आईच्या घरातच मार खाणारे मूल आले. आपल्याकडच्या मालिकांमध्ये सासू-सुनेच्या कारस्थानांखेरीज घराला दुसरे दुःख नसते. हे पाहता जपानी लेखकांनी घराचे दार उघडले, एवढे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

पण घराचे दार उघडणे आणि घराचा पाया उकरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जपानी घराचा पाया काय, हे आधी समजून घेतले पाहिजे. १८९८ च्या नागरी कायद्याने तिथे ‘इए’ म्हणजे घराणे ही संस्था कायद्यात बसवली. कुटुंबप्रमुखाच्या संमतीवाचून लग्न नाही, वारसा थोरल्या मुलाकडे, सून ही घराण्याची. युद्धात हरल्यानंतर, १९४७ साली, ही संस्था कायद्यातून गेली. मात्र तिची वही राहिली. तिचे नाव ‘कोसेकी’. जन्म, लग्न, घटस्फोट, दत्तक, मृत्यू, सगळे कुटुंबवार तिच्यात नोंदलेले. माणूस एकटा असा तिच्यात नाहीच. तो कोणाचा तरी मुलगा, कोणाची तरी बायको. आजही तिथे नवरा-बायकोला कायद्याने एकच आडनाव घ्यावे लागते आणि ते बहुतेक वेळा नवऱ्याचे असते. २०१५ आणि २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद घटनाबाह्य नाही असा निकाल दिला. आपल्याकडे ‘लोक काय म्हणतील’ या तीन शब्दांत जो धाक आहे, त्याला तिथे सरकारी दप्तराचा आधार आहे.

ही वही मनात धरून ‘ओशिन’ पाहावी. एप्रिल १९८३ ते मार्च १९८४ अशी वर्षभर, रोज सकाळी ती दाखवली गेली. लेखिका सुगाको हाशिदा. एका भागाला ६२.९ टक्के प्रेक्षक मिळाल्याची नोंद आहे. यामागाता प्रांतातल्या कुळाच्या घरातली सात वर्षांची मुलगी पोतेभर तांदळाच्या बदल्यात सालाने चाकरीला जाते. पोट पाडण्यासाठी तिची आई गोठत्या थंडीत नदीत उतरते. हे पाहताना माझ्या आजीची आठवण झाली नाही असे म्हणणे खोटेपणाचे होईल. जमीनदार आहे, खंड आहे, मुळ्याचा कीस घालून वाढवलेला भात आहे. भुकेचे एवढे नेमके चित्रण मराठी पडद्यावर मी पाहिलेले नाही.

तरीही ‘ओशिन’शी माझे भांडण आहे. तिच्या दुःखाचे भांडवल करून मालिका शेवटी एकच मूल्य शिकवते, सोसण्याचे. सागा प्रांतात सासू तिला बैलासारखी राबवते, तिचे मूल जन्मतःच मरते. प्रेक्षक रडतो आणि ओशिनच्या सोशिकतेला नमस्कार करतो. सासूला सासू कोणी बनवले, हा प्रश्न हुंदक्यांत वाहून जातो. ज्या देशात श्रीमंती आली होती तिथे ‘आजीने सोसले म्हणून आपण वर आलो’ हे ऐकायला गोड वाटणारच. आपल्याही काही आत्मकथनांचे प्रस्थापितांनी असेच कौतुक केले. आईच्या कष्टांना टाळ्या मिळाल्या. त्या कष्टांमागच्या व्यवस्थेचा प्रश्न विचारला की सभागृह गप्प.

आता मला ज्या कलाकृतीवर सविस्तर बोलायचे आहे तिच्याकडे येतो. ‘सुना नो उत्सुवा’, म्हणजे वाळूचे भांडे. सेइचो मात्सुमोतो यांची ही रहस्यकादंबरी १९६१ सालची. टोकियोच्या रेल्वे यार्डात एका म्हाताऱ्याचे प्रेत सापडते. तो निवृत्त पोलीस, स्वभावाने देवमाणूस. त्याला मारणारा निघतो एक कीर्तिमान तरुण संगीतकार. या संगीतकाराचा बाप कुष्ठरोगी होता. गावाने हाकललेले बापलेक भीक मागत हिंडत होते. त्या पोलिसाने बापाला रुग्णालयात पोहोचवले, मुलाला आसरा दिला. मुलगा पळाला. ओसाकावरच्या बॉम्बहल्ल्यात नोंदवह्या जळाल्या, त्याचा फायदा घेऊन त्याने स्वतःचे नवे नाव, नवे आईबाप लिहवून घेतले. वर्षांनंतर तो उपकारकर्ताच समोर येऊन उभा राहतो, आणि त्याच्या तोंडी जुने नाव असते.

योशितारो नोमुरा यांनी १९७४ साली यावर चित्रपट केला. त्यात बाप जिवंत आहे. पोलीस त्याच्यापुढे मुलाचा आताचा फोटो धरतो. म्हातारा फोटो पाहून हमसाहमशी रडतो, आणि हा माणूस आपल्या ओळखीचा नाही असे ओरडून सांगतो. मुलाने बापाला नाकारले ते कीर्तीसाठी. बापाने मुलाला नाकारले ते मुलाला वाचवण्यासाठी. कुटुंबाचा दबाव म्हणतात तो नेहमी आईबापांच्या दुष्टपणातून येत नाही, हे या एका प्रसंगाइतके स्वच्छ मी दुसरीकडे पाहिले नाही.

हा प्रसंग पाहताना मी अस्वस्थ झालो त्याला वैयक्तिक कारण आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी जिल्ह्याच्या गावी मी खोली घेतली. मालकाने आडनाव विचारले. मी गावाच्या नावाला ‘कर’ लावून सांगितले. त्याने मान डोलावली. अकरा महिने मी त्या नावाने राहिलो. त्या काळात दलित साहित्याची नियतकालिके मी खोलीच्या पत्त्यावर येऊ दिली नाहीत, शाळेच्या पत्त्यावर मागवली. एकदा वडील भेटायला येतो म्हणाले. मी म्हणालो, ‘अण्णा, तुम्ही कशाला दगदग करता, मीच येतो गावी.’ ते ‘बरं’ म्हणाले. त्यांनी कारण विचारले नाही. त्यांना ते कळले होते, हे मला त्या म्हाताऱ्याला फोटोपुढे रडताना पाहून कळले. बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती!’ हा संग्रह १९६३ चा. मी तो वर्गात शिकवला होता, आणि खोलीवर चोरून ठेवला होता.

२००४ साली हीच कथा जपानी दूरदर्शनवर अकरा भागांच्या मालिकेत आली. निर्मिती देखणी, संगीत भव्य. पण बाप आता कुष्ठरोगी नाही. गावाने वाळीत टाकल्यावर सूडाने तीस माणसांना मारणारा तो खुनी आहे. हा बदल काहींना किरकोळ वाटेल. माझ्या मते त्याने कथेचा कणाच मोडला. कुष्ठरोग्याच्या मुलाने बाप लपवला तर आरोपी समाज ठरतो. तीस खून करणाऱ्याच्या मुलाने बाप लपवला तर समाज निर्दोष सुटतो. लपवणे समजण्यासारखे आहे, असे तो म्हणू शकतो. वाळीत टाकण्याची गोष्ट ठेवली खरी, पण ती बापाच्या क्रौर्याखाली गाडली गेली.

काळ बदलला, रोग बरा होतो, म्हणून बदल केला, असे समर्थन करता येईल. वस्तुस्थिती काय सांगते? रुग्णांना कोंडून ठेवणारा कायदा जपानने १९९६ साली रद्द केला. त्या वसाहतींत लग्न करायचे तर नसबंदी करून घ्यावी लागे. २००१ साली कुमामोतोच्या न्यायालयाने सरकारला दोषी धरले. आणि नोव्हेंबर २००३ मध्ये, म्हणजे ही मालिका सुरू होण्याच्या दोनच महिने आधी, त्याच प्रांतातल्या एका हॉटेलने बऱ्या झालेल्या रुग्णांना खोल्या नाकारल्या. विषय शिळा नव्हता. तो फार ताजा होता, म्हणून पडद्यावरून काढला गेला.

इथे १९७४ चा धडा महत्त्वाचा आहे. त्या चित्रपटाला रुग्णांच्या संघटनेने हरकत घेतली होती. तिच्याशी बोलणे झाले. विषय काढला नाही, मात्र हा रोग आता बरा होतो असा मजकूर शेवटी पडद्यावर आला. ज्यांचे दुःख आहे त्यांच्याशी वाद घालून कलाकृती पुढे नेणे हा एक मार्ग. वादच नको म्हणून ते दुःखच वगळणे हा दुसरा. दूरदर्शनने दुसरा स्वीकारला.

याच दुसऱ्या मार्गाने बुराकु समाज पडद्यावरून नाहीसा झाला आहे. कातडे, मेलेली जनावरे, फाशीची कामे ज्यांच्या माथी मारली गेली, त्या जपानी अस्पृश्यांना १८७१ च्या फर्मानाने कागदावर मुक्ती मिळाली. पुढच्याच वर्षी नोंदवही तयार झाली आणि कित्येकांच्या नावापुढे ‘नवे रयत’ अशा खुणा पडल्या. ती वही १९६८ साली लोकांना बघायला बंद झाली. १९७५ साली उघडकीला आले की बुराकु वस्त्यांची नावे-पत्ते छापलेली पुस्तके चोरून विकली जात आहेत आणि मोठमोठ्या कंपन्या नोकरभरतीसाठी ती घेत आहेत. लग्नाआधी गुप्तहेर लावून कुळ तपासले जाई. असा भेद आजही आहे, हे २०१६ च्या कायद्याने पहिल्याच कलमात मान्य केले. कौटुंबिक दबावाचे याहून धारदार कथानक कोणते? मी पाहिलेल्या मालिकांत लग्नाला वय आडवे येते, पैसा येतो, लिंगभाव येतो, आजार येतो. बुराकु वस्तीचा पत्ता आडवा आलेला मी एकदाही पाहिला नाही.

साहित्य आणि चित्रपट इतके मुके नव्हते. शिमाझाकी तोसोन यांची ‘हाकाई’ कादंबरी १९०६ ची. बापाने जन्म लपवायला सांगितलेला तरुण शिक्षक शेवटी वर्गात मुलांपुढे गुडघे टेकून आपली जात सांगतो. १९४८, १९६२ आणि २०२२ साली तिच्यावर चित्रपट झाले. तो गुडघे टेकतो, माफी मागतो, हे मला मान्य नाही. माफी कोणी कोणाची मागायची? १९२२ साली क्योटोत ‘सुइहेइशा’ ही बुराकुंची संघटना उभी राहिली ती माफी न मागण्यासाठीच. अपमान करणाऱ्याला जाहीर जाब विचारणे हे तिचे हत्यार होते. या जाब विचारण्याची भीती वाटते म्हणून माध्यमे गप्प आहेत, असे तिथले शहाणे सांगतात. हा युक्तिवाद आपल्या ओळखीचा आहे. ‘तुमच्यावर लिहिले की तुम्ही मोर्चे काढता,’ असे आपणही ऐकले आहे. कोणता शब्द वापरायचा नाही याच्या याद्या करणे सोपे. माणसाला माणूस म्हणून रंगवणे अवघड. जबाब द्यायला लागेल म्हणून जो बोलतच नाही, त्याच्या मौनाची जबाबदारी जाब विचारणाऱ्यावर कशी?

एक मालिका मात्र मला वेगळी वाटली. २०२४ ची ‘तोरा नि त्सुबासा’, वाघाला पंख. १९३८ साली वकिलीची परीक्षा उत्तीर्ण झालेल्या पहिल्या तीन स्त्रियांपैकी योशिको मिबुची यांच्या जीवनावर ती बेतली आहे. नायिका तोमोको न पटणारे काही ऐकले की ‘हाते?’ असा छोटासा शंकेचा उद्गार काढते. सुरुवातीलाच, उद्ध्वस्त टोकियोत नदीकाठी बसून ती वर्तमानपत्रात छापलेली नवी राज्यघटना वाचते. कलम चौदा : वंश, श्रद्धा, लिंग, सामाजिक दर्जा अथवा कुळ यांवरून भेद होणार नाही. वाचता वाचता ती रडते. ‘ओशिन’मध्ये अश्रू सोसण्याचे होते, इथे हक्क कळल्याचे आहेत. आपल्या घटनेचे पंधरावे आणि सतरावे कलम पहिल्यांदा वाचताना ज्याचा गळा दाटला असेल त्याला हा फरक समजावून सांगण्याची गरज नाही.

घरातला जुलूम हा स्वभावाचा नव्हे तर कायद्याचा प्रश्न आहे, हे ही मालिका दाखवते. वडीलधाऱ्याच्या खुनाला इतर खुनाहून जबर शिक्षा देणारे कलम जपानी दंडसंहितेत होते. बापाच्या अत्याचाराने पिचलेल्या मुलीने बापाला मारले, त्या खटल्यात १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने हे कलम याच चौदाव्या कलमाच्या आधारे घटनाबाह्य ठरवले. मालिका हा खटला कथेत आणते. कोरियन विद्यार्थिनीही आणते, पुरुषावर प्रेम करणारा पुरुष वकीलही आणते. ‘कुळ’ हा शब्द मात्र ती उच्चारते आणि पुढे जाते. बुराकु माणूस तिच्या न्यायालयात आलेला मी पाहिला नाही. चौदाव्या कलमावर रचलेल्या मालिकेत ही उणीव लहान नाही.

दुसऱ्याच्या पडद्यावरची रिकामी जागा दाखवून मी थांबणार नाही. बाबासाहेबांच्या जीवनावर २०१९ साली मराठीत मालिका आली, ती घरोघर पाहिली गेली. पण महामानवाची गाथा दाखवणे सोपे, कारण तो इतिहास झाला असे समजता येते. आजच्या शहरातले स्थळ आडनाव कळताच मोडते, भाड्याची खोली ‘आधीच गेली’ होते, हे रोज संध्याकाळच्या मालिकेत कुठे आहे? तिथल्या घरांना दिवाणखाना असतो, देवघर असते, आडनावही असते. ते आडनाव कोणाचे नसते, हे एकदा मोजून पाहावे.

आपल्या तरुण लेखकांनी मालिका लिहाव्यात असे मला वाटते. कादंबरीचा दर्जा नाही म्हणून त्या माध्यमाकडे पाठ फिरवणे परवडणारे नाही. लिहिताना ओशिनची सोशिकता नको, गुडघे टेकणारा शिक्षकही नको. अण्णा खोलीवर येतात, घरमालक दारात उभा आहे, आणि मुलगा त्यांचे पूर्ण नाव सांगून ओळख करून देतो, एवढा एक प्रसंग लिहावा. मला तो जगता आला नाही.