मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील नित्यचिंतन : वऱ्हाडच्या स्मरणपरंपरेच्या संदर्भात एक विचार

१

मराठी ख्रिस्ती काव्याविषयी आजवर जे विवेचन झाले त्याचा भर मुख्यतः दोन गोष्टींवर राहिला आहे. परदेशातून आलेल्या धर्मोपदेशकाने मराठी भाषा किती आत्मसात केली, ही त्यांतील पहिली. आणि पुराण, आख्यान, अभंग या देशी रचनाप्रकारांत परक्या धर्माचा आशय कितपत सामावला, ही दुसरी. दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत यात शंका नाही. तथापि या वाङ्मयाचा जो मूळ वाचक, म्हणजे ख्रिस्ताचा शिष्य होऊ पाहणारा श्रद्धावान मनुष्य, त्याच्या दृष्टीने तिसरा एक प्रश्न उपस्थित होतो व त्याची चर्चा फारशी झालेली आढळत नाही. हे वाङ्मय त्याच्या दररोजच्या साधनेस किती उपयोगी पडते, हा तो प्रश्न होय.

‘दररोज’ हा शब्द येथे हेतुतः योजला आहे. स्वतःचा वधस्तंभ उचलून आपल्या मागे यावे, ही येशूची आज्ञा मत्तय, मार्क व लूक या तिन्ही शुभवर्तमानांत आली आहे. परंतु तो वधस्तंभ ‘दररोज’ उचलावा असे केवळ लूकच्या नवव्या अध्यायात म्हटले आहे. एका शब्दाच्या या भराने अर्थाचे सारे स्वरूपच बदलते. मत्तय व मार्क यांचे वचन केवळ हौतात्म्याचे, म्हणजे एकदाच करावयाच्या सर्वस्वत्यागाचे आवाहन म्हणून वाचता येते. लूकचे वचन तसे वाचता येत नाही. त्यात शिष्यत्व ही रोज नव्याने करावयाची गोष्ट ठरते. कॅथॉलिक उपासनेत भस्म बुधवारी उपवासकाळास आरंभ होतो आणि लगेच दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, लूकचा हाच उतारा वाचला जातो, हे या दृष्टीने सूचक आहे. रविवार वगळून चाळीस दिवसांचा हा काळ येशूच्या अरण्यातील चाळीस दिवसांच्या स्मरणार्थ पाळतात. परंतु उपवास हे त्याचे बाह्यांग होय. शुभवर्तमानातील रोजच्या उताऱ्याच्या प्रकाशात स्वतःचे आचरण तपासणे हे त्याचे अंतरंग आहे. या कामास मराठी ख्रिस्ती वाङ्मयाने कोणते रूप दिले, याचा विचार येथे करावयाचा आहे.

२

या विचारासाठी लागणारा मापदंड बाहेरून आणण्याचे कारण नाही. तो वऱ्हाडातच उपलब्ध आहे. अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर हे श्रीगोविंदप्रभूंचे स्थान. श्रीचक्रधर उत्तरापंथे निघून गेल्यावर त्यांचे शिष्य येथेच गोविंदप्रभूंच्या सन्निधानी जमले, आणि नागदेवाचार्यांच्या प्रेरणेने म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा एकत्रित केल्या. तेराव्या शतकाच्या अखेरच्या चरणातील हे कार्य. गुरू दृष्टीआड झाला आहे आणि मागे राहिलेल्यांना त्याच्या आठवणीवरच जगावयाचे आहे, अशा परिस्थितीत लीळाचरित्र निर्माण झाले. शुभवर्तमानांच्या निर्मितीमागील परिस्थितीही मूलतः अशीच होती. या दोन परंपरांत ऐतिहासिक संबंध होता असे कोणी समजू नये. साम्य आहे ते गरजेचे आहे, आणि समान गरजेतून समान रूपे कशी निपजतात हेच येथे पाहावयाचे आहे.

लीळाचरित्राची तीन वैशिष्ट्ये या संदर्भात ध्यानात घेतली पाहिजेत. पहिले असे की, त्याचा घटक लहान आहे. एक लीळा म्हणजे एक प्रसंग: स्थळ, माणसे, एखादे वचन, आणि संपले. एका दिवसाच्या चिंतनास ती पुरते व त्याहून अधिक मागतही नाही. दुसरे असे की, शिष्यांचे उणेपण त्यात झाकलेले नाही. महदाइसेचे प्रश्न, शिष्यांचे हट्ट, गैरसमज, त्यांवर झालेली कानउघाडणी हे सर्व नोंदलेले आहे. त्यामुळे पुढील काळचा अनुयायी स्वतःस त्या शिष्यांच्या ठिकाणी ठेवू शकतो. तिसरे असे की, वाचनाचा शेवट आचारात होतो. महानुभावांच्या साधनेत नाम, मूर्ती, लीळा व चेष्टा यांचे स्मरण सांगितले आहे, आणि ते अटन, भिक्षा, अपरिग्रह या आचारधर्मापासून वेगळे काढता येत नाही. मूळ पोथी परचक्राच्या धामधुमीत नाहीशी झाल्यावर शिष्यांनी लीळा स्मरणातून पुन्हा सिद्ध केल्या, ही परंपरागत हकीकत प्रसिद्ध आहे. रोजच्या स्मरणाचा अभ्यास नसता तर हे घडू शकले नसते.

याच जिल्ह्यात, तिवसा तालुक्यातील मोझरी येथे, या वृत्तीचे आधुनिक रूप पाहावयास मिळते. तुकडोजी महाराजांनी १९३५ साली तेथे गुरुकुंज आश्रम स्थापिला आणि सामुदायिक प्रार्थनेस नित्यकर्माचे स्थान दिले. त्यांची ४१ अध्यायांची ग्रामगीता ओवीबद्ध आहे; परंतु तिच्यात अवतारकथेचा विस्तार नाही. ग्रामसफाई, श्रम, व्यसनमुक्ती असे विषय ओवीत येतात आणि श्रोत्याने उठून काही करावे अशी तिची अपेक्षा असते. तिवशाच्या परिसरातील वाचकास म्हणूनच ‘रोजचे वाचन’ म्हणजे काय हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. घटकाचे लहानपण, शिष्याचे उणेपण आणि आचारात होणारा शेवट, या तीन कसोट्या तो आपल्या घरूनच घेऊन येतो. त्या कसोट्या आता ख्रिस्ती ग्रंथांस लावून पाहू.

३

या वाङ्मयाचा आद्य ग्रंथ म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण. हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यास आला आणि १६१६ साली राशोल येथे त्याचे पुराण रोमन लिपीत छापले गेले. पहिल्या पुराणात ३६ आणि दुसऱ्यात ५९ असे एकूण ९५ अवस्वरू, व त्यांत सुमारे ११ हजार ओव्या, असा त्याचा विस्तार आहे. ग्रंथाच्या निर्मितीचे कारण ग्रंथातच आले आहे. नवदीक्षित श्रोत्यांपैकी एकजण पाद्रीस म्हणतो की, आमची पूर्वीची पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत, तर त्यांच्या जागी वाचावयास दुसरे काही द्या. या मागणीमागे एक दुःख आहे, ते समीक्षकाने नजरेआड करता कामा नये. ज्या समाजाचे नित्यपठण राजसत्तेच्या व धर्मसत्तेच्या जोरावर बंद पडले, त्याची ही तक्रार आहे. आपल्याला नवी कथा हवी असे तो श्रोता म्हणत नाही. रोजच्या आयुष्यात जी पोकळी पडली ती भरून निघावी, असे तो म्हणतो.

स्टीफन्सने ही पोकळी पुराण देऊन भरली, आणि त्या काळी ते योग्यही होते. परंतु पुराण या प्रकाराचे स्वतःचे नियम असतात. त्यात सृष्टीच्या आरंभापासून कथा उलगडते, श्रोता एका विशाल प्रवाहात वाहत जातो आणि त्याचे प्रमुख भाव विस्मय व भक्ती हे राहतात. येशूच्या दुःखसहनाचे अवस्वरू ऐकताना श्रोत्याचे हृदय द्रवते. तथापि ‘मी आज काय करावे’ हा प्रश्न त्यास पडेलच असे नाही. अवस्वरू हा एका बैठकीचा घटक आहे, एका दिवसाच्या आत्मपरीक्षणाचा नव्हे. पहिल्या कसोटीस हा ग्रंथ अर्धाच उतरतो. दुसऱ्या कसोटीस तो अधिक उतरतो, कारण शुभवर्तमानातील शिष्यांची धांदल व दुर्बलता मूळ कथेतच आहे व स्टीफन्स ती सोडीत नाही. तिसऱ्या कसोटीस मात्र तो उपदेशकाच्या निरूपणावर विसंबतो. पाद्री समोर नसेल तर ओवी आचारापर्यंत पोहोचविण्याची सोय ग्रंथात थोडी आहे.

शिष्य हाच ज्याचा नायक आहे असा ग्रंथही त्याच काळी झाला. फ्रेंच जेझुइट एतिएन द ला क्रुआ याचे पेत्राच्या चरित्रावरील ओवीबद्ध पुराण १६२९ साली गोव्यात छापले गेले. गुरूला तीनदा नाकारून पुढे रडणारा पेत्र हा नित्यचिंतनास याहून योग्य विषय कोणता? परंतु ग्रंथाचा बराच भाग परमतखंडनात खर्ची पडला आहे. जो दुसऱ्याच्या देवांचे दोष मोजण्यात गुंतला त्याला स्वतःचे अश्रू पाहण्यास सवड उरत नाही. पुढे १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषा सोडून देण्याचा हुकूम काढला आणि या परंपरेचा विकास खुंटला.

४

दुसरे पर्व रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. रेल्वेप्रवासात भेटलेल्या एका युरोपियन गृहस्थाने टिळकांच्या हाती नवा करार दिला. तो वाचीत असता डोंगरावरील प्रवचनापाशी ते थबकले, आणि १८९५ साली मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. भस्म बुधवारी वाचला जाणारा मत्तयाच्या सहाव्या अध्यायातील उतारा, ज्यात दान, प्रार्थना व उपवास गुप्तपणे करावयास सांगितले आहे, तो याच प्रवचनाचा भाग होय. म्हणजे टिळकांचा ख्रिस्तमार्ग कथेपासून नव्हे, तर आचारवचनापासून सुरू झाला. त्यांच्या कवित्वाचे मर्म येथे सापडते असे वाटते.

ख्रिस्तायन या महाकाव्यास त्यांनी हात घातला, परंतु अकरा अध्यायांच्या आसपास ते थांबले व १९१९ साली त्यांचे निधन झाले. हे काव्य अपुरे राहिल्याची हळहळ सर्वत्र व्यक्त होते. प्रस्तुत लेखकास मात्र असे वाटते की, टिळकांची प्रतिभा आख्यानाची नव्हतीच. ती अभंगाची होती. अभंगांजलीतील रचना आणि प्रॉटेस्टंट मंडळ्यांत आजही गाइली जाणारी त्यांची गीते ही पहिल्या कसोटीस पूर्ण उतरतात. तुकारामाच्या अभंगातील आत्मनिर्भर्त्सना, लाज, आर्तता आणि देवाशी होणारे एकांतातील भांडण त्यांनी ख्रिस्ताच्या पायाशी नेले. अशी रचना एका दिवसास पुरते आणि तिच्यातला ‘मी’ वाचकास उसना घेता येतो. उणीव आहे ती वेगळी. अभंगात प्रसंग विरघळतो. याइराचे घर, विहिरीवरची शोमरोनी स्त्री, जक्कयाचे झाड ही ठिकाणे नाहीशी होऊन केवळ भाव शिल्लक राहतो. लीळाचरित्रात जे ठोस स्थळ मनास धरून ठेवते, ते येथे नाही. पुराणात प्रसंग होता पण ‘मी’ नव्हता. अभंगात ‘मी’ आहे पण प्रसंग निसटला.

तिसऱ्या कसोटीस टिळकांनी उत्तर दिले ते काव्याने नव्हे, तर आयुष्याने. १९१७ साली त्यांनी मिशनचे वेतन सोडले, संन्यास घेतला आणि बाप्तिस्मा झालेले व न झालेले अशा सर्व ख्रिस्तशिष्यांसाठी ‘देवाचा दरबार’ मांडला. हा प्रयोग त्यांच्या निधनानंतर टिकला नाही. परंतु शिष्यत्व हे सभासदत्वाहून वेगळे आहे, एवढे त्याने मराठी समाजास दाखविले.

५

प्रसंग आणि ‘मी’ यांचा मेळ मराठीत घातला तो लक्ष्मीबाई टिळकांनी, आणि तोही ज्या ग्रंथास कोणी धर्मग्रंथ म्हणत नाही त्यात. ख्रिस्तायनाचे उरलेले ६४ अध्याय त्यांनीच पुरे केले, व त्या कामाचे मोल कमी नाही. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यांची स्मृतिचित्रे अधिक महत्त्वाची आहेत. पतीच्या धर्मांतरानंतर त्या कित्येक वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुन्हा एकत्र आल्यावरही त्यांनी आपले सोवळे व वेगळा स्वयंपाक सोडला नाही, आणि १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. या दोन टोकांमध्ये कोठेही वीज चमकल्यासारखा साक्षात्कार नाही. एके दिवशी कोणाच्या हातचे पाणी प्यावे की नाही हा प्रश्न उभा राहतो. जातीचे भेद देवाने केले की माणसांनी, याचा विचार मनात घोळतो. आणि एक गाठ सुटते. मग दुसरी. स्वतःच्या हट्टाची व भाबडेपणाची त्या खुशाल चेष्टा करतात. घटक लहान आहे, उणेपण उघडे आहे, आणि प्रत्येक प्रसंग पाण्याच्या भांड्यापाशी, चुलीपाशी, म्हणजे आचारापाशी संपतो. तिन्ही कसोट्यांस उतरणारे मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील हे पुस्तक आहे. लूकचा ‘दररोज’ हा शब्द कोठेही न उच्चारता त्यांनी तो मराठी घरात आणला.

या निष्कर्षावर एक आक्षेप संभवतो. स्मृतिचित्रे हे आत्मकथन आहे. उपवासकाळात ते चिंतनासाठी उघडावे अशी त्याची रचना नाही, व त्यात शुभवर्तमानाचे निरूपणही नाही. आक्षेप खरा आहे. परंतु त्यावरून सिद्ध होते ते इतकेच की, मराठी ख्रिस्ती चिंतनास आपली पद्धती सापडली, पण तिचा उपयोग करणारा ग्रंथ मात्र अद्याप व्हावयाचा आहे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली लोकभाषेतील उपासनेस वाट करून दिली, आणि १९६९ च्या नव्या वाचनक्रमाने उपवासकाळातील प्रत्येक दिवसास सुधारित क्रमाने शुभवर्तमानाचा उतारा नेमून दिला. १९५५ साली स्थापन झालेल्या अमरावती धर्मप्रांतातील श्रद्धावानाला लॅटिनऐवजी आपल्या भाषेत तो उतारा ऐकण्याची वाट यामुळे मोकळी झाली. वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या सुबोध बायबलने ही भाषा आणखी जवळ आणली. त्यांना २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद मिळाले, ही मराठीने त्या प्रयत्नास दिलेली पावतीच होय. उतारा आता आहे, भाषाही आहे. उणीव आहे ती उताऱ्याजवळ बसून स्वतःचा दिवस तपासणाऱ्या मराठी गद्याची. अशा गद्याचे धडे घेण्यास फार दूर जावे लागत नाही. तिवशाहून रिद्धपूर जवळ आहे, मोझरी तर तालुक्यातच आहे. आणि लक्ष्मीबाईंचे पुस्तक कोणत्याही ग्रंथालयात मिळते. गुरूची आठवण कशी ठेवावी हे या भूमीस सातशे वर्षांपूर्वीच समजले होते. ख्रिस्ताची आठवण ठेवू पाहणाऱ्या लेखकाने तिच्यापाशी शिष्य होऊन बसण्यास संकोच करू नये.