कृतज्ञता आणि करमणूक : बहिणाबाईंची गाणी जामनेरहून वाचताना

कृतज्ञतेविषयी लिहिणे अलीकडे फार सोपे झाले आहे. सकाळचा चहा, पहिल्या पावसाचा वास, मुलांचे हसणे, रात्री ऐकलेले एखादे जुने गाणे अशी चार सुखे ओळीने मांडावीत, शेवटी त्यांबद्दल आभार मानावेत, की लेख पुरा होतो. अशा लेखनात खोटे काही नसते. मात्र ही सुखे कोणाच्या श्रमावर उभी आहेत, हा प्रश्न त्यात क्वचितच येतो. चहा आयता समोर येतो. तो कोणी केला याचा उल्लेख नसतो. खानदेशच्या ज्या कवयित्रीने साध्या सुखांची मराठीतील अत्यंत जिवंत गाणी रचली, तिने हा प्रश्न कधी टाळला नाही. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, बहिणाबाई चौधरी यांच्या कवितेतील कृतज्ञता ही ऋणाची जाणीव आहे. आणि म्हणूनच ती आपल्या करमणुकीलाही जाब विचारते. कॅलेंडरांवर आणि स्नेहसंमेलनांत भेटणाऱ्या बहिणाबाईंमध्ये हा जाब ऐकू येत नाही, याचे आम्हांस वाईट वाटते.

बहिणाबाईंचे चरित्र बहुतेक वाचकांस ठाऊक आहे. जळगावजवळच्या आसोदे गावी १८८० साली जन्म, जळगावच्या चौधरी घराण्यात विवाह, ऐन तिशीत वैधव्य, तीन मुले, शेतीचा आणि घराचा भार, आणि ३ डिसेंबर १९५१ रोजी मृत्यू. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. काम करता करता त्या ओव्या गात, आणि त्यांतील काही त्यांचे पुत्र कवी सोपानदेव व एका आप्ताने टिपून ठेवल्या. आईच्या निधनानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्रे यांना दाखवली. १९५२ साली अत्रे यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईची गाणी' प्रसिद्ध झाली, तेव्हा स्वतः कवयित्री ते पाहण्यास उरली नव्हती. २०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. नाव देणे हाही कृतज्ञतेचाच प्रकार आहे. परंतु कवितेचे खरे ऋण ती नीट वाचूनच फेडता येते.

नीट वाचण्याची पहिली अट म्हणजे भाषा. जामनेर तालुक्यातील वाचकाला येथे एक सहज लाभ आहे. लेवा गणबोली आणि तावडी या दोन्ही बोली येथे कानावर पडतात. पोळ्याचा 'पोया' होतो, काळ्या रंगाचा 'काया' होतो, 'ला' या प्रत्ययाच्या जागी 'ले' येतो, हे येथील मुलाला शिकवावे लागत नाही. पुण्या-मुंबईच्या वाचकाला ही कविता गोड वाटते, कारण बोली त्याला नवी असते. आणि तो गोडवाच पुष्कळदा आशयाच्या आड येतो. जामनेरच्या काळ्या जमिनीत कपाशी वेचणाऱ्या बाईला तीच भाषा गोड वाटण्याचे कारण नाही. ती तिची रोजची भाषा आहे. त्यामुळे अशा वाचकाचे लक्ष बोलीच्या नवलाईवर न अडता, काय म्हटले आहे याकडे जाते.

काय म्हटले आहे? प्रथम 'घरोट' ही कविता पाहू. घरोट म्हणजे जाते. जात्यातून जसे पीठ पडते, तसे आपल्या पोटातून ओठांवर गाणे येते, असे बहिणाबाई त्यात सांगतात. ही उपमा साधी दिसते, पण तिच्यात एक पक्का विचार आहे. त्या काळच्या खेड्यातील स्त्रीला करमणुकीसाठी वेगळा वेळ नव्हता. पहाटे दळण, दिवसा शेत, सायंकाळी चूल. करमणूक कामाच्या पोटातच शोधावी लागे आणि गाणे हीच ती करमणूक होती. 'उपननी'मध्ये धान्य वारवण्यासाठी त्या वाऱ्याला बोलावतात, तेव्हा मारुतीशी त्याचे बापाचे नाते काढून त्याला लडिवाळ हाक घालतात. वारा पडला तर खळ्यातले काम अडते, म्हणजे ही हाक गरजेची आहे. तरीही तिच्यात थट्टा आहे, खेळ आहे. काम आणि खेळ यांची अशी सरमिसळ ज्याने अनुभवली, त्याला 'साधी सुखे' हा शब्दही फारसा सुचणार नाही. सुख कामात मिसळलेले असल्यामुळे ते कामाच्याच नावाने ओळखले जाते.

वर्षातून एकदा मात्र खरीखुरी सुटी येते. वैशाख शुद्ध तृतीयेला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशात आखाजी म्हणतात. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात. बहिणाबाईंच्या 'आखाजी' या कवितेतील झोका निंबाच्या झाडाला बांधलेला आहे. त्या कवितेतील एका कल्पनेकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. झोका एका बाजूला जातो तो माहेराकडे, आणि परत फिरतो तो सासराकडे. खेळाच्या ऐन आनंदातही झोक्याची गती स्त्रीच्या आयुष्याचा नकाशा रेखते. वरवर वाचणाऱ्याला ही सणाची कविता वाटेल, आणि ती तशी आहेही. पण झोका परत येणारच, हे जिला ठाऊक आहे, तिच्या आनंदाला जी धार असते ती येथे आहे. चार दिवसांचे सुख चार दिवसांचेच आहे हे ओळखून ते पूर्ण भोगणे, त्यात सासरविषयी कुरकुर न आणणे आणि सासरचा विसरही न पाडणे, ही समतोल दृष्टी या कवितेचे खरे मोल होय.

आता 'पोया' या कवितेकडे वळू. आमच्या मते कृतज्ञतेविषयी मराठीत याहून स्पष्ट कविता क्वचितच असेल. श्रावण अमावास्येचा पोळा म्हणजे बैलांचा सण. कवितेचा आरंभ अपेक्षेप्रमाणे थाटामाटाचा आहे. शेंदूर घोटला जातो, चुली पेटतात, बैलांसाठी पुरणाच्या पोळ्या होतात. नांगर आणि वखर ओढणाऱ्या या प्राण्याच्या कष्टांना गणती नाही, हेही सांगून होते. एखादी सामान्य सणकविता येथे थांबली असती. बहिणाबाई मात्र येथून पुढे शेतकऱ्याला समोर बसवून आपले एक मागणे मांडतात. बैलांना उगाच उड्या मारायला लावू नका, त्यांच्या शिंगांवर जड बाशिंगाचे ओझे बांधू नका. तुमची हौस होते आणि बैलाला त्रास होतो. अखेरीस सण बैलाच्या वाट्याला आणि ऋण शेतकऱ्याच्या वाट्याला टाकून त्या मोकळ्या होतात.

ज्याचे आभार मानण्यासाठी सण आहे, त्याच्याच जिवावर आपण करमणूक करीत आहोत, ही विसंगती निरक्षर म्हणवल्या गेलेल्या या स्त्रीने नेमकी पकडली. आभार मानणाऱ्याला आपले आभार फार आवडतात. तो ते सजवतो, मिरवतो, आणि ज्याचे आभार मानायचे त्याच्या डोक्यावरचे ओझे वाढते. बैलगाडा शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये घातलेली बंदी, पुढे राज्याने केलेला कायदा आणि २०२३ मध्ये घटनापीठाने त्याला दिलेली मान्यता, हा सारा वाद आपण पाहिला आहे. त्यात परंपरा, शेतकऱ्याची हौस आणि प्राण्याची वेदना या तिन्ही बाजूंनी बोलले गेले. बहिणाबाईंची कविता कोणत्याही पक्षाच्या हाती देण्याचा आमचा हेतू नाही. त्यांना पोळा बंद करायचा नव्हता. पुरणपोळी तर त्यांनी स्वतःच रांधायला सांगितली. त्यांचा आग्रह एवढाच की, हौस कोणाची आणि तरास कोणाला, हे एकदा मोजून पाहावे. ही कसोटी बैलापुरती नाही. सणाच्या दिवशी घर हसत असताना स्वयंपाकघरातून बाहेर न येणाऱ्या बाईलाही ती लागू पडते, आणि आमच्या परिचयाच्या कित्येक घरांत ती अद्याप लावली गेलेली नाही.

येथे एक आक्षेप येईल. बहिणाबाई तर सोसायला शिकवतात, संसाराची तुलना त्यांनी तापलेल्या तव्याशी केली आहे, असे कोणी म्हणेल. १९६१ च्या 'मानिनी' या चित्रपटामुळे ते गाणे घरोघरी पोहोचले आणि नव्या नवरीला उपदेश करताना हमखास आठवले जाऊ लागले. परंतु उपदेश करणारे बहुधा हात पोळण्याच्या कल्पनेपाशीच थांबतात. त्याच कवितेत संसार हा दोन्ही जिवांचा विचार आहे असे म्हटले आहे. त्यात रोख आणि उधार आहे, सुखदुःखाचा व्यापार आहे. व्यापारात दोन बाजू असतात. एकीनेच सोसावे आणि दुसऱ्याने तिला गाण्याचा दाखला द्यावा, हा अर्थ कवितेतून निघत नाही. अर्धी कविता पाठ असणे हे कविता मुळीच पाठ नसण्याहून अधिक धोक्याचे असते.

शिवाय बहिणाबाईंनी दुःख लपवले नाही. कुंकू पुसले गेल्यावर कपाळीची कर्मरेषा उघडी पडली असे सांगणारी त्यांची कविता आहे. तिच्यात त्या ज्योतिषाला आपला हात पाहू देत नाहीत, त्याला दारीही येऊ देत नाहीत. प्लेगवरील कवितेत गाव ओस पडून माणसे बाहेर झोपड्यांत राहायला गेली आहेत आणि गावातच स्मशान झाले आहे. ज्या साथीने त्यांच्या एका मुलाला कायमचे अपंगत्व दिले, तिचे वर्णन करताना त्या आभाराचा शब्द उच्चारीत नाहीत. आपल्या परिचयाच्या स्तोत्रसंहितेतही आभाराच्या स्तोत्रांशेजारीच विलापाची स्तोत्रे आहेत, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही. ज्याला रडू दिले जात नाही, त्याच्या तोंडी घातलेली कृतज्ञता म्हणजे निव्वळ सक्तीचे मौन.

तुलनेसाठी आणखी दोन नावे घेऊ. बालकवी ठोंबरे यांचा जन्म याच जिल्ह्यात, धरणगावी, १८९० चा. म्हणजे ते बहिणाबाईंहून दहा वर्षांनी लहान. त्यांचा आनंद पाहणाऱ्याचा आहे: निर्झर, फुले, ऊन, चांदणे. तो निर्मळ आहे, पण त्यामागे राबणारा हात दिसत नाही, आणि तो ओसरला की कवी खोल उदासीनतेत शिरतो. १९१८ मध्ये भादली स्टेशनाजवळ रेल्वेच्या अपघातात ते गेले. त्यांना पुत्रवत् माया देणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक मात्र बहिणाबाईंच्या जवळच्या वाटतात. विवाहानंतर अक्षरओळख झालेल्या या बाईने 'स्मृतिचित्रे'त उपासमार, ताटातूट, प्लेग असे सारे सांगितले, आणि तरीही वाचक पानोपानी हसतो. दोघींनाही कष्टाचा विसर पडत नाही, आणि म्हणूनच दोघींचा विनोद विश्वासार्ह वाटतो.

बहिणाबाईंच्या गाण्यांत उणे काहीच नाही असे आम्ही म्हणणार नाही. म्हणीसारख्या सुट्या ओळी रचताना कधी शब्दांच्या कोटीचा मोह त्यांना आवरत नाही, आणि तेथे अनुभव मागे पडून केवळ सुभाषित उरते. नेमक्या त्याच ओळी भिंतींवर अधिक लागल्या आहेत, हा त्यांचा दोष नाही.

'पोया' ही कविता दरवर्षी पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी घराघरांत अखेरपर्यंत मोठ्याने वाचली जावी, असे आम्हांस वाटते. ट्रॅक्टर आल्यापासून पुष्कळ गोठ्यांत बैल उरलेले नाहीत आणि पोळा मातीच्या बैलांवर भागवला जातो. पण ऋण संपलेले नाही, धनको तेवढे बदलले आहेत. कविता वाचून झाल्यावर आपल्या घरात हौस कोणाची होते आणि तरास कोणाला होतो, एवढे मोठ्यांनी मुलांदेखत बोलावे. बहिणाबाईंचे आभार मानण्याची याहून चांगली रीत आम्हांस सुचत नाही.