‘राजे निघाले’ आणि ‘डॉक्टर आला होता’ : माझ्या तक्त्यातून निसटलेलं क्रियापद

माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण ऐतिहासिक मालिकांच्या चाहत्यांवर आहे. त्यातली मुख्य मालिका ‘स्वराज्यरक्षक संभाजी’. सप्टेंबर २०१७ ते फेब्रुवारी २०२०, झी मराठीवर जवळपास अडीच वर्षं चाललेली, आणि नायकाच्या भूमिकेत डॉ. अमोल कोल्हे. या प्रकरणाचा पहिला मसुदा गाईडकडून परत आला तेव्हा समासात पेन्सिलीने एकच ओळ होती: हे सगळे लोक इतके भाबडे आहेत का?

आधी राग आला. उन्हातान्हात फिरून घेतलेल्या मुलाखती होत्या त्या. मग मसुदा पुन्हा वाचला आणि राग ओसरला, कारण माझ्या लिखाणात खरंच प्रत्येक प्रेक्षक भाबडा होता. नट आणि राजा यांत त्याला फरक कळत नव्हता. तुमच्यापैकी जे सध्या सिनॉप्सिसच्या घाईत आहेत त्यांच्यासाठी ही चूक सविस्तर लिहितेय. माझे दोन महिने गेले, तुमचे वाचले तर बरं.

आळेफाट्याजवळच्या एका गावात एका मावशींकडे गेले होते. वय साठीच्या पुढे, ओटीवर कांदा निवडत बसलेल्या. मालिकेचे शेवटचे भाग त्यांनी चप्पल काढून, पदर घेऊन, टीव्हीसमोर खाली बसून पाहिले. वहीत मी लगेच लिहिलं: ‘नट आणि पात्र यांची सरमिसळ’. मराठी मुलाखतीचं इंग्रजी भाषांतर केलं, तक्त्यात टाकलं, रंग दिला. अशा हिरव्या रंगाच्या ओळी वाढत गेल्या आणि मला वाटलं, वा, निष्कर्ष आला!

मसुदा परत आल्यावर मी मूळ रेकॉर्डिंग ऐकलं. (मावशींची बोली इथे जरा सपाट करून लिहितेय.) मालिकेतल्या प्रसंगाबद्दल बोलताना त्या म्हणतात, “राजे निघाले”, “त्यांनी येसूबाईंना सांगितलं”. आणि माणसाबद्दल बोलताना: “डॉक्टर आला होता की मागं, बैलगाड्याच्या घाटात. आपल्या नारायणगावचाच तो.” एकाच श्वासात ते आणि तो. एकदाही चूक नाही. पाऊण तासाच्या बोलण्यात पात्र कायम आदरार्थी बहुवचनात, नट कायम घरच्या एकवचनात. इंग्रजीत दोघांनाही एकच सर्वनाम. माझ्या तक्त्यात सरमिसळ होती खरी, पण ती भाषांतर करताना मीच केली होती.

आपल्या क्षेत्रात या प्रश्नाला जुनी वाट आहे, म्हणून थोडं सांगते. हॉर्टन आणि वोल यांनी १९५६ मध्ये पडद्यावरच्या व्यक्तीशी जडणाऱ्या एकतर्फी जवळिकीला ‘पॅरासोशल’ हा शब्द दिला. ईएन आंगने हॉलंडमध्ये ‘डॅलस’ बघणाऱ्यांना मासिकात जाहिरात देऊन पत्रं मागवली, बेचाळीस आली, आणि तेवढ्यावर तिने अख्खं पुस्तक उभं केलं. (नमुना लहान आहे म्हणून रडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.) आपल्याकडे १९८७-८८ च्या ‘रामायणा’ने या चर्चेला जोर दिला. टीव्हीला हार घालणारे, आंघोळ करून बसणारे प्रेक्षक तेव्हा वर्तमानपत्रांना फार आवडले. पूर्णिमा मांकेकर यांनी दिल्लीतल्या घरांत बसून बायका प्रत्यक्षात काय बोलतात ते ऐकलं. फिलिप लुटगेनडॉर्फ यांनी रामलीलेची आठवण करून दिली: मुकुट डोक्यावर असेपर्यंत तो मुलगा राम असतो, लोक पाया पडतात, आणि हे सगळं तो गावातला कुणाचा तरी मुलगा आहे हे माहीत असून.

हे सगळं मी वाचलं होतं. संदर्भसूचीत घातलंही होतं. तरी ओटीवर बसल्यावर मला फक्त काढलेल्या चपला दिसल्या.

आणि गंमत म्हणजे नारायणगाव ही तमाशाची पंढरी. विठाबाईंचं गाव. हंगामात फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे लोक जत्रेसाठी सुपारी द्यायला येतात. रात्री वगात राजा झालेला माणूस सकाळी शेजारच्या टपरीवर चहा पितो, हे या भागातल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलंय. त्यांना नट आणि सोंग वेगळं कळत नाही असं मी पुण्यातल्या वसतिगृहात बसून लिहिलं, याची आता लाज वाटते.

मग चाहते नेमकं काय बोलत असतात? माझं आजचं वाचन असं: ते ओळख पटवत नाहीत, अट घालतात. कोल्हे २०१९ च्या मे महिन्यात शिरूरमधून खासदार झाले. म्हणजे पुढचे नऊ-दहा महिने दिवसा लोकसभेत खासदार आणि रात्री पडद्यावर छत्रपती. त्यातही मतदारसंघ कोणता, तर शिवनेरी ज्यात येते आणि संभाजी महाराजांची समाधी असलेलं वढू बुद्रुकही ज्यात येतं तो. त्याआधी २००८ च्या ‘राजा शिवछत्रपती’त त्यांनी शिवाजी महाराज केले होतेच. इतकं सगळं एका माणसात गोळा झाल्यावर अट कडक होणारच.

ती किती कडक आहे हे जानेवारी २०२२ मध्ये दिसलं. कोल्हे यांनी २०१७ मध्येच केलेला, त्यांनी नथुराम गोडसे साकारलेला एक चित्रपट तेव्हा ओटीटीवर आला. गदारोळ झाला, त्यांच्या स्वतःच्या पक्षातूनही टीका झाली, आणि त्यांनी आळंदीला जाऊन आत्मक्लेश केला. नटाने खलनायक करायचा नाही का, हा प्रश्न रास्तच आहे, आणि मी स्वतः त्या बाजूची आहे. पण मावशींचं वाक्य ऐका: “घेतलं ना सोंग महाराजांचं? मग त्यांनी हे करायला नको होतं.” त्यांनी! पाऊण तासात नटासाठी आदरार्थी रूप आलं ते इथेच, दोष देताना. भूमिकेचं देणं लागतं तेव्हा ‘तो’चा ‘ते’ होतो. एका उदाहरणावर नियम बांधू नये हे मला कळतं, म्हणून बाकीची रेकॉर्डिंगं पुन्हा ऐकतेय.

इथे डॉ. काशिनाथ घाणेकर आठवतात. वसंत कानेटकरांचं ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ १९६२ चं. त्यातल्या संभाजीने घाणेकरांना तारा केलं. तेही डॉक्टरच, दातांचे. पण त्या नाटकातला संभाजी बापाशी भांडणारा, जखमी, हट्टी मुलगा होता, आणि लोक त्या जखमेवर भाळले. १९६० साली वा. सी. बेंद्रे यांचं संभाजीचरित्र आलं, १९७१ मध्ये कमल गोखले यांचं ‘शिवपुत्र संभाजी’, आणि मल्हार रामराव चिटणिसाच्या बखरीने रंगवलेला व्यसनी राजपुत्र हळूहळू मागे पडला. ती बखर संभाजी महाराजांच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिलेली, आणि लेखकाच्या पूर्वजाला, बाळाजी आवजींना, महाराजांनीच मृत्युदंड दिलेला. मालिका या दुरुस्तीच्या बाजूने ठाम उभी राहिली हे तिचं मोठं काम. बुधभूषण लिहिणारा, संस्कृत जाणणारा राजा घराघरात पोचला.

पण दुरुस्ती करता करता तिने नायकाला इतकं निष्कलंक केलं की नाट्य पातळ झालं. कोल्हे गडाच्या सदरेवर, मोठ्या आवाजात, एकाच पट्टीत बोलतात तेव्हा मला ते भाषण वाटतं. ते ऐकत असतात तेव्हा मात्र छान वाटतात. येसूबाई झालेल्या प्राजक्ता गायकवाडसोबतचे शांत प्रसंग पुन्हा बघा. आणि सोयराबाईंच्या महालातली धुसफूस नायकाच्या प्रसंगांपेक्षा जास्त जिवंत आहे, कारण तिथे माणसांना दोन बाजू आहेत. चाहत्यांशी बोलताना हे जाणवतंच. १६७८ च्या डिसेंबरात संभाजीराजे दिलेरखानाच्या छावणीत का गेले, असं विचारलं की बहुतेक जण एका दमात सांगतात, तो बापलेकांचा डाव होता. घाणेकरांच्या संभाजीला अशा सफाईची गरज नव्हती.

आता उरलेली गोष्ट, जी मला जास्त अस्वस्थ करते. नायकाच्या बाबतीत इतकं बारीक भान ठेवणारे हेच चाहते खलनायकाच्या बाबतीत ते सोडून देतात. अण्णाजी दत्तो १६८१ मध्ये कटाच्या आरोपाखाली मारले गेले. त्याच कटात हिरोजी फर्जंद होते, बाळाजी आवजी होते. म्हणजे कट एका जातीचा नव्हता. पण बोलण्यात उरतात ते फक्त ‘अनाजीपंत’, आणि तो शब्द महाराष्ट्राच्या राजकारणात आज जिवंत माणसांना, त्यांची जात बघून, शिवीसारखा चिकटवला जातो. २०२५ मध्ये ‘छावा’ चित्रपट आला तेव्हा शिर्के घराण्याच्या वंशजांनी आक्षेप घेतला आणि दिग्दर्शकांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. तिथेही पडद्यावरचं आडनाव आजच्या माणसांच्या दारात आलं होतं. सरमिसळ शोधायचीच होती तर ती इथे होती, आणि माझ्या प्रश्नावलीत खलनायकावर एकही प्रश्न नव्हता. का, तर मी चाहत्यांचा अभ्यास करतेय आणि चाहते नायकाचे असतात, असं मी गृहीत धरलं होतं.

तक्ता आता नव्याने केलाय. पहिला रकाना मूळ मराठी वाक्याचा, बोलीसकट. दुसरा क्रियापद आणि सर्वनामाचा. भाषांतर चौथ्या रकान्यात, शेवटी. तिसरा रकाना खलनायकासाठी रिकामा ठेवून मागच्या महिन्यात पुन्हा मावशींकडे गेले. अनाजी करणाऱ्या नटाचं नाव काय हो, विचारलं. “तो मेला? कोण जाणे.” मग हसल्या, म्हणाल्या, “काम मात्र झकास केलं हां त्यांनी.” नाव मलाही आठवेना. घरी येऊन श्रेयनामावली बघावी लागली: महेश कोकाटे.