सह्याद्रीचा उपग्रह-फोटो: पुरावा की नुसतं चित्र?

लॅन्डसॅटच्या फॉल्स कलर चित्रात सह्याद्री लगेच ओळखू येतो. कड्याच्या अंगाने दाट लाल पट्टा (या चित्रांत झाडी लाल दिसते), त्याला लागून कड्याची दातेरी रेघ, आणि पूर्वेला पंढरपूर-सोलापूरकडे फिकट होत जाणारं पठार. भूगोल आणि भूशास्त्राच्या बऱ्याच प्रबंधांत पहिल्या प्रकरणात असं चित्र असतं आणि खाली ओळ असते: ‘ज्वालामुखीय पर्वतरांग’. चित्र चांगलंच असतं. प्रश्न आहे आपण ते कसं वाचतो याचा.

आधी त्या ओळीचं बघू. ज्वालामुखीय पर्वत म्हटलं की डोळ्यांपुढे फुजीसारखा शंकू येतो. सह्याद्री तसा नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांमधून लाव्हा थरावर थर पसरत गेला. आज त्याचे खडक जवळपास ५ लाख चौरस किलोमीटरवर उरले आहेत. सह्याद्री म्हणजे या पठाराची पश्चिमेकडची झिजलेली कड. खडक ज्वालामुखीचा, पण डोंगराचा आकार मुख्यतः झिजेचा. चित्र आकार दाखवतं. उगम आपण बाहेरून आणून त्याला चिकटवतो. हे दोन्ही एका ओळीत मिसळले की पुढच्या प्रकरणांत गडबड होते.

चित्राचं बलस्थानही मान्य करायला हवं. भीमा भीमाशंकरला, अरबी समुद्राच्या इतक्या जवळ उगम पावून पाठ फिरवते आणि पूर्वेला निघते. जमिनीचा हा उतार एका नजरेत पटवून देणारं दुसरं साधन नाही.

आता उजेडाचं. लॅन्डसॅट आपल्यावरून सकाळी दहा-साडेदहाच्या सुमारास जातो. आपण ढग नकोत म्हणून हिवाळ्यातलं चित्र निवडतो. तेव्हा सूर्य आग्नेयेला असतो, म्हणजे चित्राच्या खालच्या उजव्या बाजूला. डोळ्याला मात्र उजेड वरून यायची सवय. त्यामुळे कित्येकदा डोंगर दरीसारखा दिसतो आणि दरी डोंगरासारखी. चित्र उलटं धरून बघा, फरक कळेल.

याचा फटका बसतो लिनिअमेंटना, म्हणजे चित्रावरून आखलेल्या सरळ रेषांना. उजेडाला आडव्या, ईशान्य-नैऋत्य रांगांची सावली पडते, त्या ठळक दिसतात. उजेडाच्याच दिशेने जाणाऱ्या वायव्य-आग्नेय रांगा पुसट होतात. मग रोझ डायग्राममध्ये ईशान्य-नैऋत्य पाकळी लांब आली, तर ती भेगांची दिशा की सूर्याची, हे नुसत्या त्या चित्रावरून सांगता येत नाही.

हा नुसता तांत्रिक वाद नाही. बेसॉल्टमध्ये पाणी मिळतं ते भेगांत, झिजलेल्या थरांत आणि दोन लाव्हाथरांच्या सांध्यावर. म्हणून भूजलाच्या नकाशात लिनिअमेंटना मोठं वजन दिलं जातं. सोलापूरसारख्या कमी पावसाच्या जिल्ह्यात अशा नकाशावर भरवसा ठेवून कुणी कर्ज काढून बोअर घेतलं आणि ती रेषा सावलीची निघाली, तर भुर्दंड शेतकऱ्याला. आपल्याला पदवी मिळून गेलेली असते.

शिवाय चित्र पृष्ठभागाच्या खाली जात नाही. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप आठवा. वरून तो भाग साधा, काळ्या मातीचा, जवळपास सपाट. नंतर तिथे छिद्र घेतलं तेव्हा बेसॉल्टची जाडी सुमारे ३३८ मीटर भरली आणि त्याखाली कितीतरी जुना पायाचा खडक लागला. सह्याद्रीच्या बाजूला हाच बेसॉल्ट बऱ्याच ठिकाणी याच्या कितीतरी पट जाड आहे. रंगावरून ही जाडी ओळखता येत नाही. त्यासाठी ड्रिलिंग किंवा भूभौतिक मोजणी लागते.

मग चित्र वापरायचंच नाही का? वापरायचं, पण तीन गोष्टी करून. एक, मेटाडेटा फाइलमधून चित्राची तारीख, वेळ, सूर्याची दिशा आणि उंची घ्या आणि प्रबंधात लिहा. दोन, फेब्रुवारी २००० च्या एसआरटीएम मोहिमेची उंचीची माहिती मोफत मिळते. ती रडारची आहे, सूर्याची नाही. तिच्यावर किमान चार दिशांनी कृत्रिम उजेड टाका आणि सगळीकडे टिकतील त्याच रेषा ठेवा. त्यातले रस्ते, कालवे, रेल्वेमार्ग वगळा. तीन, नकाशा बनवताना ज्या विहिरींची माहिती वापरली नाही, त्यांच्यावरच तो तपासा. वापरलेल्याच विहिरींवर तपासलात तर नकाशा बरोबर येणारच, त्यात सिद्ध काहीच होत नाही.

सिनॉप्सिस लिहिताना ‘उपग्रह चित्रावरून असे दिसते की’ हे वाक्य आलं, की लगेच पुढे लिहा: कुठल्या तारखेच्या, किती वाजताच्या उजेडात. व्हायवात हा प्रश्न कुणी विचारला, तर उत्तर तयार असेल. कुणी नाही विचारला, तरी तो नकाशा वापरणाऱ्याला त्याची गरज आहेच.