पुस्तकावरचे वय आणि वर्गातले मूल

मुलांसाठी पुस्तक निवडताना आपण बहुतेक जण आधी ते उलटून मलपृष्ठ पाहतो. तिथे '३ ते ५', '६ ते ८', '९ ते १२' असा वयोगट छापलेला असला की निम्मे काम झाले असे वाटते. पहिली-दुसरीसाठी एक गठ्ठा, तिसरी-चौथीसाठी दुसरा, पाचवीच्या पुढे तिसरा, आणि यादी तयार! मराठीत आता मुलांची देखणी पुस्तके बरीच मिळतात, त्यामुळे ही यादी भरणे सोपे झाले आहे. ती योग्य मुलाच्या हाती पडणे मात्र तितके सोपे नाही. छापील वयोगटावर किती भरवसा ठेवावा, आणि तो अपुरा पडतो तिथे शिक्षकाने काय पाहावे, हे काही परिचित पुस्तके समोर ठेवून आम्ही तपासणार आहोत.

एक वर्ग, अनेक वाचक

धायरीसारख्या ठिकाणचा पाचवीचा वर्ग डोळ्यांपुढे आणू. सिंहगड रस्त्यालगतचे हे गाव ऑक्टोबर २०१७ मध्ये पूर्णपणे पुणे महापालिकेत आले. गावातली जुनी घरे, टेकडीलगतच्या मोठ्या सोसायट्या, नऱ्हे-धायरी भागातले छोटे कारखाने आणि सतत चालू असलेली बांधकामे, या सगळ्यांतली मुले इथल्या शाळांत येतात. अशा वर्गातली सगळी मुले दहा-अकरा वर्षांचीच असतात. पण एखादीच्या घरी पुस्तकांचे कपाट असते, एखाद्याच्या घरी पाठ्यपुस्तकाखेरीज छापील कागद नसतो, आणि एखाद्याची घरची भाषा कन्नड किंवा हिंदी असते. वयाचा शिक्का या तिघांना एकच पुस्तक देतो.

हा फरक किती मोठा असू शकतो याचा अंदाज 'असर' या पाहणीवरून येतो. २०२२ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातील पाचवीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणारी मुले सुमारे ४३ टक्के होती. ही पाहणी ग्रामीण जिल्ह्यांची आहे, तिचा आकडा पुण्याच्या हद्दीतल्या वर्गाला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण अकरा वर्षांचे मूल सात वर्षांच्या मुलाइतके वाचते ही गोष्ट अपवादाची नाही, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

म्हणून वयाऐवजी तीन वेगळी मापे धरावीत असे आम्हाला वाटते. मूल स्वतः किती वाचू शकते, ऐकून किती समजू शकते, आणि त्याला कशात रस आहे. ही तिन्ही एका वेगाने वाढत नाहीत. सहा वर्षांच्या मुलाचा कान त्याच्या डोळ्यांच्या पुष्कळ पुढे असतो. अकरा वर्षांच्या नवशिक्या वाचकाचा रस त्याच्या वाचनाच्या कितीतरी पुढे असतो. वयोगटाचा शिक्का या तिन्हींची सरासरी काढतो, आणि सरासरीचे मूल कोणत्याच वर्गात बसलेले नसते.

शब्द मोजून पातळी ठरते का?

काही प्रकाशकांनी वयाऐवजी वाचनाच्या पातळ्या दिल्या आहेत. 'प्रथम बुक्स' ही संस्था २००४ मध्ये सुरू झाली. तिच्या पुस्तकांवर चार पातळ्या असतात. पहिल्या पातळीत सोपे, पुन्हा पुन्हा येणारे शब्द आणि साधारण अडीचशेपर्यंत शब्दसंख्या, चौथीत दीड हजारांहून अधिक. वयाच्या शिक्क्यापेक्षा ही पद्धत नक्कीच बरी. मुलाला 'तुझे वय किती' असे न विचारता ती 'तुला किती वाचता येते' असे विचारते. पुस्तके स्वस्त आहेत आणि 'स्टोरीवीव्हर'वर फुकटही वाचता येतात.

पण शब्दसंख्येचे माप मराठीत आणताना जपून आणावे लागते. मराठी शब्द प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये पोटात घेऊन लांबतो. 'घरासमोरच्या' हा मोजणीत एकच शब्द. नव्या वाचकाला मात्र त्यात 'घर' शोधावे लागते, मग 'समोर', मग 'च्या'. दुसरी अडचण जोडाक्षरांची. 'कमळ' आणि 'पृथ्वी' दोन्ही एकेक शब्द, पण पहिला दुसरीतले मूल सहज वाचते आणि दुसऱ्यापाशी थांबते. त्यामुळे भाषांतरित पुस्तकात शब्द कमी भरले तरी वाचन सोपे झाले असे होत नाही. शिक्षकाने पुस्तकातले कोणतेही एक पान घेऊन त्यातली जोडाक्षरे आणि लांबलेले शब्द मोजावेत. दोन मिनिटांत मलपृष्ठापेक्षा अधिक कळते.

शब्दांवर बंधन घातले की पुस्तक नीरस होते, असा आक्षेप नेहमी येतो. अमेरिकेत १९५७ साली आलेले डॉ. स्यूस यांचे 'द कॅट इन द हॅट' केवळ २३६ निरनिराळ्या शब्दांत लिहिलेले आहे, आणि ते मुलांनी डोक्यावर घेतले. नीरसपणा येतो तो सांगण्यासारखे काही नसल्यामुळे.

लहानांसाठी : बोलल्यासारखे वाक्य

मराठीत ही गोष्ट माधुरी पुरंदरे यांच्या पुस्तकांत दिसते. 'राधाचं घर' या संचातली पुस्तके छोटी आहेत, विषय घरातली माणसे, आणि वाक्ये मूल बोलते तशी. त्यांत उपदेश नाही. आई, आजी, आजोबा कसे आहेत हे राधाला दिसते तसे सांगितले आहे. मूल वाचताना अडले तरी चित्र त्याला पुढे नेते, कारण चित्रात मजकुरापेक्षा थोडे जास्त असते. 'यश' मालिकेतही रोजच्याच घटना आहेत, तरी त्यांत लहान मुलाची भीती आणि हट्ट खरे वाटतात. मर्यादा एवढीच, की ही घरे बरीचशी मध्यमवर्गीय आहेत. पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलाला राधा आवडेल, पण तिच्या घरात त्याला आपले घर सापडेलच असे नाही. हा दोष एका लेखिकेचा नव्हे, आपल्या एकूण बालपुस्तकांचा आहे. वर्गासाठी दहा चित्रपुस्तके निवडताना त्यांतली दोन-तीन तरी वेगळ्या घरांतली, शेतातली, वस्तीतली असावीत, हे शिक्षकानेच पाहायचे आहे.

याच वयाला कानासाठी वेगळी पुस्तके लागतात. विंदा करंदीकर यांचे 'एटू लोकांचा देश' दुसरीतल्या मुलाला स्वतः वाचणे जड जाईल, पण मोठ्याने वाचून दाखवले तर तेच मूल शब्दांच्या गमतीवर हसते. 'श्यामची आई'चेही तसेच. चौथीत पहिला आलेल्या मुलाला ते बक्षीस म्हणून मिळते आणि बऱ्याचदा कपाटातच राहते. साने गुरुजींनी ते 'रात्रीं'मध्ये सांगितले आहे, अशा ४२ रात्री आहेत. म्हणजे पुस्तकाची घडणच ऐकण्याची आहे. रोज एक रात्र वर्गात वाचली तर ते ज्या वयाला एकट्याने झेपत नाही, त्या वयापर्यंतही पोहोचते.

मधली आणि मोठी मुले

नऊ-दहा वर्षांनंतर मुलांना चित्रापेक्षा घडामोडी हव्या असतात. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आजही चालतो, याचे कारण त्यातला वेग. नायक पुण्याजवळच्या फुरसुंगीचा असल्याने आपल्या भागातल्या मुलांना तो जवळचाही वाटतो. पण त्यातल्या साहसांत मुलींच्या वाट्याला पुढाकार कमी येतो. म्हणून तो काढून टाकावा असे आम्ही म्हणणार नाही. त्याच्या शेजारी मुलींचे साहस असलेली नवी पुस्तके ठेवावीत, आणि हा फरक मुलांनाच शोधू द्यावा.

'तोत्तोचान'ची गोष्ट उलटी. मुखपृष्ठावर लहान मुलगी, नायिका पहिलीतली, म्हणून ते लहानांना दिले जाते. तेत्सुको कुरोयानागी यांचे हे मूळ जपानी पुस्तक १९८१ चे. चेतना सरदेशमुख गोसावी यांनी केलेले मराठी भाषांतर नॅशनल बुक ट्रस्टने काढले आहे. प्रकरणे छोटी, भाषा सरळ, त्यामुळे चौथीतले मूल ते वाचू शकते. रेल्वेच्या डब्यांतली शाळा त्याला आवडतेही. पण पोलिओ झालेल्या यासुआकीचान या मित्राचा मृत्यू, आणि शेवटी युद्धात जळणारी शाळा, यांचा अर्थ सातवी-आठवीतच नीट उमगतो. हे पुस्तक दोनदा द्यावे, चौथीत एकदा आणि आठवीत पुन्हा.

ल. म. कडू यांच्या 'खारीच्या वाटा'ला २०१७ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. धरणामुळे गाव सोडावे लागलेल्या मुलाची ही कहाणी आहे. धायरीवरून पुढे जाणारा रस्ता खडकवासला आणि पानशेतकडे जातो. धरणांचे पाणी रोज नळाला येणाऱ्या मुलांनी हे पुस्तक वाचावे, आणि भूगोलाच्या तासाला त्यावर बोलावे.

'वाचू आनंदे' हे माधुरी पुरंदरे यांनी संपादित केलेले संकलन बालगट आणि कुमारगट अशा दोन गटांत आहे. मराठीतले निवडक उतारे आणि सोबत चित्रकारांची चित्रे, ही कल्पना उत्तम. अडचण एक आहे. उतारा संपतो तिथे चांगल्या वाचकाची भूक वाढते, आणि मूळ पुस्तक शाळेत नसले तर ती तशीच राहते. संकलन घ्यावे, आणि त्यातल्या पाच-सहा मूळ पुस्तकांची तरतूदही त्याच यादीत करावी.

मोठे मूल, नवे वाचन

आमच्या मते खरी उणीव इथे आहे. अकरा-बारा वर्षांच्या, अडखळत वाचणाऱ्या मुलाला आपण ससा-कासवाचे पुस्तक देतो. त्याला ते वाचता येते, पण वर्गासमोर ते हातात धरायची लाज वाटते. काही दिवसांनी ते वाचनच टाळू लागते. अशा मुलासाठी वाक्ये सोपी आणि विषय त्याच्या वयाचा, अशी मराठी पुस्तके फार थोडी दिसतात.

सध्या या जागी चांगली बसणारी पुस्तके म्हणजे कृतिपुस्तके. अरविंद गुप्ता यांची आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या तुकड्यांपासून आकार बनवण्याची पुस्तके पाहावीत. मजकूर कमी, आकृत्या स्पष्ट. काड्यांचा त्रिकोण दाबला तरी आकार सोडत नाही, चौकोन मात्र कलंडतो. कर्णावर एक काडी बसवली की तोही ताठ उभा राहतो. छपराच्या कैच्या आणि पूल त्रिकोणांनी का भरलेले असतात, याचे उत्तर मुलाच्या हातात येते. सूचना नीट वाचली तरच वस्तू जमते, म्हणून मूल वाक्य पुन्हा वाचते, आणि तेही कोणी न सांगता. हे पुस्तक आठवीतल्या मुलाने हातात धरले तरी त्याला कोणी हसत नाही. त्यांची बरीच पुस्तके मराठीत असून संकेतस्थळावरून मोफत मिळतात.

विज्ञानाची पुस्तके : तीन चाचण्या

विज्ञानाच्या पुस्तकांत वयोगटाचा शिक्का सर्वांत जास्त फसवतो. पहिली चाचणी शब्दांची. 'प्रकाशसंश्लेषण', 'गुरुत्वाकर्षण' हे शब्द सहा वर्षांच्या मुलाच्या पुस्तकात आले म्हणजे विज्ञान आले असे नाही. पान, ऊन, पाणी यांनी सुरुवात होऊन पाहण्यासारखे काही आधी आले आहे का, ते पाहावे. नाव नंतर येऊ शकते.

दुसरी चाचणी चित्राची. सूर्यमालेच्या चित्रात ग्रह शेजारी शेजारी ठेवलेले असतात. सूर्य १ मीटर व्यासाचा चेंडू मानला, तर पृथ्वी सुमारे ९ मिलिमीटरची आणि १०७ मीटर दूर असते. पानावर हे दाखवता येणार नाही. पण 'हे चित्र प्रमाणात नाही' असे एक वाक्य तरी हवे. तसेच देवमाशाच्या चित्राखाली तो मासा नसून सस्तन प्राणी आहे, हे मराठीत मुद्दाम सांगावे लागते, कारण नावातच मासा आहे.

तिसरी चाचणी वर्षाची. 'नवे' पुस्तक कधी कधी जुन्याचे पुनर्मुद्रण असते. त्यात ग्रह नऊ असतील, तर मजकूर २००६ पूर्वीचा आहे. त्या वर्षी प्लूटोला बटुग्रह ठरवण्यात आले. शनीच्या चंद्रांची संख्या तर मार्च २०२५ मध्ये २७४ वर गेली. केवळ आकडे देणारे पुस्तक लवकर शिळे होते. चंद्र कसे शोधतात हे सांगणारे पुस्तक टिकते. जयंत नारळीकर यांचे 'आकाशाशी जडले नाते' १९९८ चे असूनही वरच्या वर्गांना आजही द्यावेसे वाटते, याचे कारण हेच.

यादी कशी करावी?

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय आणि त्यात गोष्टींची पुस्तकेही असणे बंधनकारक केले आहे. समग्र शिक्षा योजनेच्या २०१८ च्या चौकटीत सरकारी शाळांच्या ग्रंथालयांसाठी वर्षाला ५ हजार ते २० हजार रुपयांची तरतूद ठेवली गेली. रक्कम मोठी नाही, म्हणून निवड महत्त्वाची. धायरीहून अप्पा बळवंत चौक दहा-बारा किलोमीटरवर आहे, आणि डिसेंबर २०२३ पासून फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर पुणे पुस्तक महोत्सवही भरू लागला. शिक्षकाने तिथे जाऊन पाने उलटावीत, आणि शक्य असेल तर दोन-चार मुलांनाही बरोबर न्यावे.

यादीत वयाचा रकाना राहू द्यावा, पण त्यापुढे आणखी तीन रकाने आखावेत : स्वतः वाचण्यासाठी, वाचून दाखवण्यासाठी, करून पाहण्यासाठी. वर्षभर प्रत्येक पुस्तकाच्या आतल्या पानावर ते कोणत्या इयत्तेच्या मुलाने नेले आणि पूर्ण वाचले की परत आणून दिले, एवढेच पेन्सिलीने लिहावे. दोन वर्षांत त्या शाळेच्या मुलांचा खरा वयोगट त्या पानावर तयार होईल, आणि पुढच्या खरेदीला मलपृष्ठापेक्षा त्याचाच जास्त उपयोग होईल.