भविष्याचा आवाज कोणाचा?

विज्ञानकथा आणि अद्भुतकथा या प्रांताकडे दलित साहित्याच्या चर्चेने आजवर फारसे लक्ष दिलेले नाही. त्याला कारणही होते. ज्यांच्या वर्तमानाचाच हिशेब चुकता झालेला नाही त्यांनी तिसाव्या शतकाच्या गोष्टी कशासाठी ऐकायच्या, असा आपला सवाल होता आणि तो रास्त होता. कविता, कथा आणि आत्मकथन यांतून आपण भोगलेल्या भूतकाळाची साक्ष उभी केली. परंतु भविष्य ही मोकळी पडलेली जमीन नव्हे. आपण तिच्यावर पाय ठेवला नाही तर दुसरे तिचा सातबारा आपल्या नावावर करून घेतात आणि मग त्या भविष्यातही आपल्याला गावाबाहेरची जागा मिळते. म्हणून या वाङ्मयाची चिकित्सा करणे आता टाळता येणार नाही, असे मला वाटते.

गेली काही वर्षे मी या प्रकारची पुस्तके वाचण्यापेक्षा ऐकतो अधिक. नोव्हेंबर २०१७ मध्ये 'स्टोरीटेल' ही स्वीडिश कंपनी भारतात आली आणि मराठी श्राव्य पुस्तकांची बाजारपेठ एकाएकी वाढली. आज नारायण धारपांच्या भयकथा कानाने ऐकणारा मोठा वर्ग आहे. इंग्रजीत तर विज्ञानकथांचा अफाट साठा आवाजात उपलब्ध आहे. म्हणून प्रश्न केवळ 'काय लिहिले' एवढाच उरत नाही. 'कोणी उच्चारले आणि कोणी ऐकले' हाही प्रश्न येतो. आणि या देशात ऐकण्याचा प्रश्न कधीच निरुपद्रवी नव्हता. वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात शिसे आणि लाख ओतण्याची शिक्षा गौतम धर्मसूत्राने सांगून ठेवली आहे. ज्या समाजाने ज्ञान कानावाटे चालवले त्याने पहिला पहारा कानावरच बसवला. याउलट बौद्ध सुत्तांचा आरंभच 'ऐकल्या'च्या साक्षीने होतो. आंबेडकरी जलशांनी बाबासाहेबांचा विचार निरक्षर माणसांपर्यंत नेला तोही कानावाटेच. तेव्हा श्राव्य पुस्तक हे आपल्याला परके माध्यम नाही. परका आहे तो त्यातील आवाज.

सोलापुरात बसून या माध्यमाचा विचार केला की एक चित्र डोळ्यांसमोर येते. मांडीवर सूप घेऊन विडी वळणाऱ्या हजारो बायका या शहरात आणि कुंभारीच्या वसाहतींत आहेत. हात गुंतलेले, डोळे गुंतलेले, फक्त कान मोकळा. यंत्रमागावरच्या कामगाराला तेवढेही सुख नाही, कारण त्याचा कान खटक्याने आधीच व्यापलेला असतो. विडी वळणाऱ्या बाईच्या या मोकळ्या कानाचे काय करायचे, याचे उत्तर क्युबातील कामगारांनी १८६५ मध्येच दिले होते. हवानाच्या चिरूट कारखान्यांत कामगार आपल्या मजुरीतून वर्गणी काढून एक वाचक नेमत. तो उंच बाकावर बसून वर्तमानपत्रे आणि कादंबऱ्या मोठ्याने वाची आणि खाली चिरूट वळणारे ऐकत. पुढच्याच वर्षी, १८६६ मध्ये, स्पॅनिश सत्तेने या वाचनावर बंदी घातली. कष्टकऱ्याचा कान जागा झाला तर काय होते हे सत्तेला नेमके कळते. तिथे पुस्तक निवडण्याचा अधिकार पैसे देणाऱ्या कामगारांचा होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. आज पुस्तक निवडते ती बाजारपेठ. महिन्याची वर्गणी, इंटरनेटचा खर्च आणि कानात एकट्याने घालायचे यंत्र यांमुळे जलशातली सामुदायिक श्रवणाची ताकदही तुटते. एकटा ऐकणारा ग्राहक होतो. एकत्र ऐकणारा समूह प्रश्न विचारू लागतो.

आता आवाजाचा मुद्दा. छापील पानावर अक्षराला जात नसते. आवाजाला असते, निदान आपल्या समाजाने ती चिकटवली आहे. मराठी श्राव्य कथांमध्ये निवेदनाचा आवाज बहुधा एकाच साच्याचा असतो. 'ण' आणि 'ळ' यांची काळजी घेणारा, पांढरपेशा, पुण्या-मुंबईच्या नाट्यगृहात घडलेला. शास्त्रज्ञ याच आवाजात बोलतो, अंतराळवीरही याच आवाजात बोलतो. मग कथेत शिपाई, रखवालदार किंवा मोलकरीण येते आणि आवाज एकदम 'गावाकडचा' होतो. लेखकाने कदाचित साधे वाक्य लिहिलेले असते, पण वाचणारा त्याला हेल देतो आणि ऐकणाऱ्याला हसू यावे अशी सोय करतो. म्हणजे ग्रहांची अंतरे ओलांडली तरी बोलीची उतरंड तशीच. सोलापूरची मराठी कन्नड, तेलुगू आणि दखनीच्या शेजाराने घडलेली आहे. त्या मराठीत एखादा खगोलशास्त्रज्ञ बोललेला मी अजून ऐकलेला नाही. ही केवळ उच्चाराची तक्रार नव्हे. ज्ञान कोणत्या आवाजात शोभते आणि अज्ञान कोणत्या, याचे शिक्षण असल्या वाचनातून नकळत दिले जाते.

हे शिक्षण किती खोल जाते हे एका विज्ञानकादंबरीनेच दाखवून ठेवले आहे. आल्डस हक्सलेच्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' (१९३२) मधील समाज पाच जातींत विभागलेला आहे. माणसे जन्माआधीच, बाटलीत असतानाच, त्या त्या जातीसाठी घडवली जातात. आणि पुढे मुले झोपेत असताना त्यांच्या उशीखालून एक हळुवार आवाज त्यांना सांगत राहतो की तुझी जात तुला योग्य आहे, वरच्यांना फार काम करावे लागते, खालचे बुद्धू आहेत. शेकडो रात्री, हजारो वेळा. हक्सलेला हा उद्याचा धोका वाटला. आपल्याला हा कालचा अनुभव आहे. कीर्तनातून, पुराणातून आणि जात्यावरच्या ओवीतूनही असा आवाज आपल्या आज्यांच्या कानांत ओतला गेला होता. युरोपच्या लेखकाने जे भयस्वप्न म्हणून कल्पिले ते इथे धर्मशास्त्र म्हणून जगले गेले. या दृष्टीने पाहिले तर दलित श्रोता हा विज्ञानकथेचा सर्वात जाणता श्रोता ठरायला हवा.

मराठी विज्ञानकथेकडे वळू. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला पहिले बक्षीस मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. हे जगताप म्हणजे डॉ. जयंत विष्णू नारळीकर. आद्याक्षरे उलटी करून त्यांनी हे नाव घेतले होते, कारण आपल्या कीर्तीचा परीक्षकांवर प्रभाव पडू नये अशी त्यांची इच्छा होती. त्यांचा हा प्रामाणिकपणा मी मानतो. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले तेव्हा महाराष्ट्राने विज्ञाननिष्ठेचा एक निर्भय आवाज गमावला, आणि फलज्योतिषाविरुद्ध त्यांनी दिलेली लढत आपल्या चळवळीला जवळचीच होती. तरीही ही हकिगत ऐकताना माझ्या मनात दुसरा विचार येतो. एका माणसाला आपले नाव लपवावे लागते, कारण ते नाव त्याला अवाजवी वर नेईल. दुसऱ्याला आपले आडनाव लपवावे लागते, कारण ते त्याला अवाजवी खाली ढकलील. खोली भाड्याने घेताना, नोकरीच्या अर्जात, वसतिगृहात आपली मुले ही दुसरी 'टोपणनावे' रोज वापरतात. मराठी विज्ञानकथेच्या प्रतिष्ठेचा आरंभच नावाच्या या खेळापासून होतो. परंतु नावाचा हा दुसरा अर्थ तिच्या कथावस्तूत क्वचितच उतरला.

नारळीकरांच्या 'वामन परत न आला' या कादंबरीचे उदाहरण अधिक बोलके आहे. जमिनीच्या पोटातून एका प्राचीन, प्रगत संस्कृतीचा ठेवा सापडतो. त्यातील ज्ञानाच्या आधारे एक यंत्रमानव तयार होतो आणि तो आपल्यासारखेच आणखी यंत्रमानव निर्माण करू पाहतो. पूर्वीची संस्कृती अशाच यंत्रमानवांनी नष्ट झालेली होती. या बुटक्या यंत्राचे नाव वामन. लेखकाने पुराणातील नाव आकारसाम्यासाठी घेतले असेल. पण महाराष्ट्रात वामनाचे नाव घेतले की जोतीराव फुले आठवल्यावाचून राहत नाहीत. १८७३ च्या 'गुलामगिरी'त जोतीरावांनी दशावतारांची चिरफाड केली आणि वामनाला बळीचे राज्य लुटणारा आक्रमक म्हणून उभे केले. माझ्या मते 'गुलामगिरी' हे विज्ञानकथाकारांनीही अभ्यासावे असे पुस्तक आहे. अद्भुताच्या पोटात सत्ता कशी दडते आणि मत्स्य, कच्छ, वराह यांच्यामागची माणसे कशी शोधायची, याची रीत त्यात आहे. नारळीकरांच्या कादंबरीतही वामन हा धोकाच आहे, तो येऊ नये म्हणूनच धडपड आहे. म्हणजे कथेचा कल, लेखकाला अभिप्रेत असो वा नसो, जोतीरावांच्या बाजूला जातो. पण मग बळी कुठे आहे? ज्यांचे राज्य जाणार ती माणसे कोण? कादंबरीत संकट 'मानवजाती'वर येते. आणि 'मानवजात' या शब्दाने आपल्याला नेहमी सावध केले आहे, कारण तिची गणना करताना आपण अनेकदा मोजले गेलेलो नाही.

स्टोरीटेलसाठी डॅनिएल ओबेर्ग या स्वीडिश लेखकाने लिहिलेली 'व्हायरस' ही श्राव्य मालिका मूळची स्टॉकहोमची. मराठीत ती 'व्हायरस पुणे' झाली. नगराचे नाव, माणसांची नावे, रस्ते बदलले की कथा आपली होते, असे हे गणित आहे. साथीने ओस पडलेले शहर ही कल्पना प्रभावी आहे यात शंका नाही. परंतु स्टॉकहोमचा आराखडा पुण्यावर जसाच्या तसा बसवता येतो, या गृहीतकाचीच मला शंका आहे. आपल्या शहरात मृत्यू आला की त्याच्याबरोबर कामाची वाटणीही येते. २०२० आणि २०२१ च्या साथीत प्रेते कोणी उचलली, स्मशानभूमीत रात्रंदिवस कोण उभे होते, गटारे आणि रुग्णालयांची फरशी कोणी धुतली, हे सर्वांनी पाहिले. महाराष्ट्रात साथीची विज्ञानकथा लिहायची तर सफाई कामगारांच्या चाळीतून सुरुवात करावी लागेल. शहराचे भाषांतर होते. शहराच्या उतरंडीचे होत नाही, ती नव्याने लिहावी लागते.

भयकथांबद्दल थोडक्यात सांगतो. अद्भुताला माझा विरोध नाही. बुवाबाजी वेगळी आणि कल्पनाशक्ती वेगळी. आक्षेप आहे तो भीतीच्या भूगोलाला. मराठी भयकथेत संकट वेशीबाहेरून येते. मसणवट, ओढ्याकाठ, ओसाड माळ. पण वेशीबाहेर कोण राहत होते? ज्या जागेची वाड्यातल्या नायकाला भीती वाटते तिथे आपली माणसे संसार करत होती. आपल्या आज्यांना रात्री भीती वाटे ती भुताची नव्हे, वाड्यावरून येणाऱ्या बोलावण्याची.

मग कोणाचे ऐकावे? दलित पँथरच्या स्थापनेपासून, १९७२ पासून, कृष्णवर्णीय अमेरिकेशी आपला संवाद आहे. त्या संवादात विज्ञानकथाही यायला हवी. ऑक्टेव्हिया बटलर ही मोलकरणीची मुलगी. तिच्या 'किंड्रेड' (१९७९) या कादंबरीत १९७६ सालची एक काळी लेखिका पुन्हा पुन्हा गुलामीच्या काळातील मेरीलँडमध्ये ओढली जाते. काळयंत्र नाही, बटणे नाहीत. जो गोरा मुलगा मोठा होऊन गुलामांचा मालक होणार आहे त्यालाच तिला वाचवावे लागते, कारण तो तिचा पूर्वज आहे. भूतकाळ आपल्याला हवा म्हणून येत नाही, तो पकडून नेतो. आपल्या आत्मकथनांच्या वाचकाला हे समजावून सांगावे लागत नाही.

तिच्या वाटेने पुढे गेलेल्या एन. के. जेमिसिनला २०१६, २०१७ आणि २०१८ अशी सलग तीन वर्षे 'ह्यूगो' पुरस्कार मिळाला. तिच्या 'द फिफ्थ सीझन'मध्ये माणसाच्या नावातच त्याची कामावर ठरलेली जात जोडलेली असते आणि ज्यांच्या अंगात भूकंप आवरण्याची ताकद आहे तेच गुलाम असतात. रॉबिन माइल्स यांच्या आवाजात मी ती ऐकली. कादंबरीचा एक भाग नायिकेला 'तू' म्हणून संबोधत चालतो आणि कानावर पडताना ते संबोधन सरळ श्रोत्यावरच येते. इथे एक अडचण मला जाणवली. इंग्रजीतल्या त्या सर्वनामाला पायऱ्या नाहीत. मराठीत आणताना 'तू' म्हणायचे की 'तुम्ही'? ज्यांच्या म्हाताऱ्या बापाला पाटलाच्या पोराने 'अरे-तुरे' केले त्यांना हा 'तू' जिव्हाळ्याचा ऐकू येईल की हुकमाचा? तो कोणत्या आवाजात उच्चारला जातो यावर उत्तर अवलंबून आहे. वाचिक कलेचे खरे काम इथे सुरू होते.

यंत्राला नकार देणे ही आपली परंपरा नव्हे. १९४५ मध्ये 'काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले' या ग्रंथात बाबासाहेबांनी गांधीवादाच्या यंत्रविरोधाचा समाचार घेतला. यंत्राने माणसाला फुरसत मिळते आणि फुरसतीशिवाय संस्कृती नाही, हा त्यांचा मुद्दा होता. श्राव्य पुस्तक हे असेच यंत्र आहे, फरक एवढाच की ते फुरसत नसलेल्याच्या श्रमातही शिरते. ते ताब्यात घेणे आज अवघड राहिलेले नाही. ध्वनिमुद्रण करणारे यंत्र आता प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात आहे. वस्त्यांमधल्या अभ्यासिकांनी आठवड्यातून एक संध्याकाळ सामुदायिक श्रवणाला द्यावी आणि ऐकून झाल्यावर वाद घालावा. शिक्षकांनी मुलांना त्यांच्या बोलीतच मोठ्याने वाचू द्यावे, उच्चार सुधारण्याच्या नावाखाली त्यांची जीभ लाजवू नये. तरुण लेखकांनी बळीराज्याची विज्ञानकथा लिहावी. त्यात मंगळावरची वसाहत असेल तर तिथले सांडपाणी कोण उपसते हे पहिल्याच पानावर सांगावे. आणि ती कथा सोलापूरच्या एखाद्या विडी कामगार बाईने वाचून ध्वनिमुद्रित करावी, तिच्या हेलासकट. ऐकणारे सुरुवातीला बिचकतील. मग त्यांना सवय होईल, जशी आपल्याला त्यांच्या आवाजाची झाली.